बापाविना अंडी : सरपटणाऱ्या प्राण्यांमधील अनिषेकजनन



विज्ञानाच्या वक्त्याला बोलावताना संयोजक दोन सूचना हमखास देतात. फळ्यावर फार लिहू नका, आणि नऊच्या आत संपवा. दुसरी मी पाळीन. पहिलीत मात्र एक सवलत हवी आहे: इंग्रजी ए, बी, सी नव्हे, पण झेड आणि डब्ल्यू ही दोन अक्षरं मला लागणार आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते सर गणिताचे. कुणी बोलता बोलता ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘एकही नाही’ असं म्हणालं की सर शांतपणे विचारायचे, ‘मोजलेत का?’ आजचा विषय त्यांच्या विषयापासून लांबचा वाटेल, पण त्याचा सगळा इतिहास याच प्रश्नावर उभा आहे. ‘इथे नर नाही’ हे म्हणायला सोपं आहे. सिद्ध करताना मात्र घाम फुटतो.

नराशी संबंध न येता मादीच्या अंड्यातून पिल्लू तयार होणं याला आपल्याकडे अनिषेकजनन म्हणतात. शेतकरी मंडळींना त्याचं उदाहरण सांगायला नको. पिकावर पडणारा मावा चार दिवसांत फांदी झाकून टाकतो तो याच जोरावर. त्या हंगामात मादी नराची वाट न पाहता थेट पिल्लं टाकत सुटते. शार्ल बॉने या स्वित्झर्लंडमधल्या तरुणानं १७४० साली एका मावा-मादीला जन्मापासून एकटं कोंडून हे दाखवून दिलं होतं. म्हणजे किड्यांच्या बाबतीत हे पावणेतीनशे वर्षं माहीत आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं काही घडेल यावर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणी फारसा विश्वास ठेवला नाही.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वर्तमानपत्रं ज्याला एकाच मथळ्याखाली छापतात, ते सरपटणाऱ्या प्राण्यांतलं अनिषेकजनन म्हणजे मुळात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक आहे एकटीवर आलेली वेळ. दुसरा आहे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा संसार. दोहोंत नर नाही, एवढंच साम्य. गुणसूत्रांचा हिशेब उलटा, आणि पुढचं भवितव्यही उलटं.

पहिल्या प्रकारापासून सुरुवात करू, कारण तो गाजलेला आहे. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाची कोमोडो ड्रॅगन मादी होती. कोमोडो ड्रॅगन म्हणजे आपल्या घोरपडीचा इंडोनेशियातला थोरला भाऊबंद. शास्त्रीय घराणं एकच, व्हॅरॅनस. फ्लोराचा आयुष्यात कधी नराशी संबंध आला नव्हता. तिनं २००६ साली २५ अंडी घातली. यात नवल काही नाही, पोल्ट्रीतली कोंबडीही कोंबड्याशिवाय रोज अंडं देते. फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. फ्लोराच्या अंड्यांपैकी अकरांत मात्र जीव धरलेला दिसला. त्यातली तीन उबवणीत कोसळली, आणि विज्ञानाच्या दृष्टीनं ती तीनच सगळ्यांत मोलाची ठरली, कारण आतल्या गर्भांचा डीएनए तपासता आला. त्यात आईकडे नाही असं काहीही सापडलं नाही. त्याच सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या सुंगाई या मादीच्या अंड्यांतून चार पिल्लं बाहेर आली होती. तिचा नराशी शेवटचा संबंध अडीच वर्षांपूर्वीचा. दोन्ही हकिकती एकत्र करून ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला तो डिसेंबर २००६मध्ये, ऐन नाताळच्या आठवड्यात. मग काय विचारता! कुमारीमातेचे मथळे जगभर झळकले. आपल्याकडेही ‘हे तर आमच्या पुराणांत होतंच’ म्हणणारे निघाले. पुराणांतल्या कथांचा अर्थ लावायला दुसरे वक्ते आहेत, मी तिकडे जात नाही.

सुंगाईच्या बाबतीत पहिली शंका अर्थातच अशी, की तिनं त्या जुन्या नराचे शुक्राणू जपून ठेवले असतील. ही शंका मुळीच फालतू नाही. सापांच्या, सरड्यांच्या माद्यांच्या अंडनलिकेत शुक्राणू महिनोन्‌महिने जिवंत राहतात. अमेरिकेतल्या डायमंडबॅक रॅटलस्नेकच्या एका मादीनं पाच वर्षांपूर्वीच्या मीलनातून पिल्लं दिल्याची नोंद आहे. त्यामुळेच साप पाळणाऱ्यांनी, प्राणिसंग्रहालयांतल्या रखवालदारांनी ‘एकटी होती, तरी पिल्लं झाली’ असं कितीदा सांगितलं तरी तज्ज्ञ मान हलवून म्हणत, कधीतरी झालं असेल मीलन, तुम्ही पाहिलं नसेल. हा वाद साक्षीदारांनी मिटणारा नव्हताच. तो डीएनएनं मिटवला. आणि सुंगाईनं तर पुढे राजा नावाच्या नराशी रीतसर संसार करून नेहमीसारखी पिल्लंही दिली. म्हणजे नराविना प्रजनन ही तिची जात नव्हती, ती निव्वळ वेळ होती.

आता तो हिशेब. आपल्या प्रत्येकाकडे पत्त्यांचे दोन कॅट आहेत असं समजा, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. अंडपेशी घडताना दोन्ही कॅट पिसले जातात आणि त्यातून एकच पुरा कॅट अंड्यात ठेवला जातो. दुसरा नर आणतो. फ्लोराकडे दुसरा आणणारं कुणी नव्हतं. पण अंडपेशी घडताना जे विभाजन होतं ते समसमान नसतं: सगळा माल एका मोठ्या अंडपेशीकडे जातो आणि बाजूला इवल्याशा ध्रुवपेशी टाकून दिल्या जातात. त्या टाकलेल्यांपैकी एक, जिच्यात अंड्यातल्याच कॅटची जवळजवळ नक्कल असते, ती परत अंड्यात मिसळली. शुक्राणूचं काम तिनं केलं. अंड्यात दोन कॅट आले खरे, पण दोन्ही जवळजवळ सारखे.

याचे दोन परिणाम. पहिला म्हणजे, फ्लोराची पिल्लं तिच्या प्रतिकृती नव्हेत. हे नीट लक्षात घ्या, कारण इथे बातमीदार हटकून घसरतात. आईकडे दोन वेगळे कॅट होते, पिल्लाकडे एकाच्याच दोन प्रती. आईतलं निम्मं वैविध्य गेलं. एखादं बिघडलेलं जनुक आईत दुसऱ्या चांगल्या प्रतीच्या आडोशानं गप्प बसलेलं असेल, तर पिल्लात त्याला आडोसा उरत नाही. अशी बहुसंख्य अंडी वाया जातात, जी पिल्लं निघतात त्यांतली काही व्यंग घेऊन निघतात, ती यामुळेच.

दुसरा परिणाम अधिक गमतीचा. माणसात एक्स-वाय जोडी असते आणि ती पुरुषाकडे असते. कोमोडोत उलटं आहे: नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. अंड्यात झेड राहिला आणि त्याचीच नक्कल परत आली तर झेड-झेड, म्हणजे नर. डब्ल्यू राहिला तर डब्ल्यू-डब्ल्यू, आणि असा गर्भ कोमोडोत तगत नाही. म्हणून बापाविना जन्मलेली ही सगळी पिल्लं मुलगे निघाली. ज्या मादीला नर मिळाला नाही तिच्या पोटी नरच नर!

यावरून काहींनी एक कथा रचली. समजा एकटी मादी पोहत पोहत एखाद्या ओसाड बेटावर गेली, तिनं असे मुलगे जन्माला घातले आणि पुढे त्यांच्यापासूनच वस्ती वाढवली. अशक्य आहे असं नाही. पण मला ही कथा जरा जास्तच घोटीव वाटते. निम्मं वैविध्य आधीच घालवून बसलेले मुलगे, त्यावर आई-मुलाचा संबंध. अशा वस्तीच्या पायात पहिल्याच पिढीत दगड बांधलेला असतो.

झेड-डब्ल्यूच्या या हिशेबानं पुढे शास्त्रज्ञांना चकवलंही. २०११ साली एका पाळीव बोआ मादीच्या, बापाविना झालेल्या २२ पिल्लांची नोंद छापून आली, आणि ती सगळी मादी निघाली. सापांत मादी झेड-डब्ल्यू असते हे तेव्हा सर्वमान्य होतं, म्हणून निष्कर्ष निघाला की ही पिल्लं डब्ल्यू-डब्ल्यू असणार, आणि बोआत अशी पिल्लं जगतात. मोठीच खळबळ. २०१७ साली उलगडा झाला तो असा की बोआ आणि अजगरांत झेड-डब्ल्यू नाहीच. त्यांच्यात आपल्यासारखी एक्स-वाय पद्धत आहे. मादी एक्स-एक्स, तिच्या नकलेतून निघणार एक्स-एक्स, म्हणजे मुलीच. पिल्लांनी काही चमत्कार केलाच नव्हता. उलट ती मोठ्यानं सांगत होती की तुमचं पाठ्यपुस्तक आमच्या बाबतीत चुकलंय.

हे सगळं पिंजऱ्यातलं, रानात काय, असं कुणी विचारील. अमेरिकेत कॉपरहेड आणि कॉटनमाउथ या विषारी सापांच्या रानातून पकडलेल्या गाभण माद्यांची पिल्लं तपासली गेली, २०१२ साली निष्कर्ष आले, आणि त्यांतल्या काहींना बाप नव्हता. नर आसपास असतानाही असं होतं.

मगरीची गोष्ट थोडक्यात सांगतो. कोस्टारिकातल्या एका सरीसृप उद्यानात दोन वर्षांची असल्यापासून एकटी ठेवलेली अमेरिकन मगर होती. सोळा वर्षांच्या एकांतानंतर, २०१८ साली, तिनं १४ अंडी घातली. एकात पूर्ण वाढलेलं, पण मेलेलं पिल्लू मिळालं, आणि ते जनुकांनुसार केवळ आईचं होतं. निबंध आला २०२३ साली. मगरीत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रंच नसतात, ते अंड्याच्या आसपासच्या तापमानावर ठरतं, तेव्हा झेड-डब्ल्यूचा खेळ इथे लागू नाही. महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे: पक्ष्यांतही असं क्वचित घडतं, टर्की कोंबड्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडांत ते दिसलेलं आहे. पक्षी आणि मगरी यांचा पूर्वज एक, आणि त्याच पूर्वजाचे दुसरे वंशज डायनोसॉर. तेव्हा डायनोसॉरांतही हे घडत असावं, हा तर्क रास्त आहे. त्यावर चित्रपट काढायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. कासवांत आणि न्यूझीलंडच्या टुआटारा या सरड्यासारख्या प्राण्यात मात्र अजून असं एकही उदाहरण मिळालेलं नाही.

आणि सस्तन प्राण्यांत? तिथे दार बंद आहे. आपल्या काही जनुकांवर ‘आईकडून’, ‘बापाकडून’ असा शिक्का असतो, आणि गर्भ वाढायला दोन्ही शिक्के लागतात. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि अमेरिकेत मॅग्रा व सॉल्टर यांनी १९८४ साली उंदरांवर हे दाखवलं. सापा-सरड्यांत असे शिक्के आढळत नाहीत.

आता दुसरा प्रकार, आणि माझं मन जिथे खरं रमतं तो भाग. इथे नर कधीतरी नसतो असं नाही. तो कुणालाच नसतो.

आर्मेनियात सेवान सरोवराच्या अवतीभवती डोंगरकपारींत छोटे, तपकिरी-हिरवट खडक-सरडे राहतात. १९३६ साली लांट्झ आणि सिरेन या दोघांनी त्यांचा अभ्यास करताना लिहून ठेवलं की काही ठिकाणच्या नमुन्यांत नर मिळत नाहीत. नोंद झाली, पुढे काही नाही. नर लवकर बिळात जात असतील, चपळ असतील, पकडणाऱ्याच्या हाती लागत नसतील. असे खुलासे करायला काय लागतं! ही नोंद गंभीरपणे घेतली ती इल्या दारेव्स्की यांनी. जन्म कीवचा, १९२४चा. महायुद्धात लढून आलेला हा माणूस आर्मेनियात सरडे मोजत फिरू लागला. हंगाम बदलून, जागा बदलून, शेकड्यांनी सरडे पकडले. काही वस्त्यांत नर-मादी दोन्ही. काहींत फक्त माद्या.

त्यांनी पाहिलेली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. या सरड्यांत मीलनाच्या वेळी नर मादीला जबड्यात धरतो, आणि तिच्या कुशीवर, पोटावर दातांच्या खुणा उमटतात, त्या बरेच दिवस राहतात. नर असलेल्या वस्त्यांतल्या माद्यांच्या अंगावर हंगामात या खुणा दिसतात. नर नसलेल्या वस्त्यांतल्या गाभण माद्यांच्या पोटाचे खवले स्वच्छ, कोरे. लपून बसलेला नर असता तर त्यानं आपली सही ठेवली असती. दारेव्स्कींनी माद्या एकट्या ठेवून अंडी घेतली, ती उबवली. निघालेली सगळी पिल्लं मादी. १९५८ साली त्यांनी हे जाहीर केलं. कणा असलेल्या प्राण्यांत कायमचं, नैसर्गिक अनिषेकजनन असल्याचा पहिला भक्कम पुरावा तो हा. काळही लक्षात घ्या: सोव्हिएत जीवशास्त्रावर तेव्हा जनुकशास्त्र न मानणाऱ्या लिसेंकोचं वजन होतं आणि गुणसूत्रांच्या शास्त्राला चांगले दिवस नव्हते. या सरड्यांच्या गटाला आज दारेव्स्कीया म्हणतात.

पुढचा प्रश्न साहजिक आहे. या माद्या आल्या कुठून? उत्तर मिळायला काही वर्षं गेली, पण ते उत्तर विषयाची किल्ली आहे. त्या संकरातून आल्या. आर्मेनियाका ही नरहीन जाती म्हणजे मिक्स्टा जातीची आई आणि व्हॅलेन्टिनी जातीचा बाप यांच्या संकराची लेक. उनिसेक्सुआलिसची आई रॅड्डेई जातीची, बाप पुन्हा व्हॅलेन्टिनी. दाहलीची आई मिक्स्टा, बाप पोर्टशिन्स्की. या गटातल्या नरहीन जातींच्या आया सगळ्या एका घराण्यातल्या आणि बाप सगळे दुसऱ्या घराण्यातले. उलट सोयरीक एकही नाही. म्हणजे बापाविना चालणाऱ्या प्रत्येक वंशाच्या मुळाशी एक बाप आहेच. तो एकदा आला, आपला कॅट देऊन गेला, आणि परत कधी लागला नाही.

१९६३ साली आर्मेनियाका जातीचे शंभराच्या वर सरडे युक्रेनमधल्या झितोमिरजवळ तेतेरिव नदीच्या घळीत नेऊन सोडले. ती वस्ती तिथे टिकली, वाढली. एरवी नव्या जागी प्राणी सोडताना नर किती, मादी किती असा हिशेब करावा लागतो. इथे तो करायचंच कारण नव्हतं.

आर्मेनियातच पुढे याची दुसरी बाजूही दिसली. नरहीन जाती आणि नर-मादीवाली जाती जिथे शेजारी राहतात, तिथे कधीमधी शेजारचा नर या माद्यांशी मीलन करतोच. पोटावर त्याची खूण उमटते. त्यातून निघणाऱ्या पिल्लांत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच येतात आणि ती बहुतांशी वांझ राहतात.

याच काळात अमेरिकेत नैर्ऋत्येकडच्या वाळवंटांत व्हिपटेल नावाच्या लांब शेपटीच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या सरड्यांबद्दल तीच कुजबुज चालू होती. १९६२ साली मॅस्लिन यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की यांच्या काही जाती पूर्णपणे माद्यांच्या आहेत. मग या सगळ्या एकमेकींच्या प्रतिकृती आहेत का? डीएनए तपासायची सोय तेव्हा नव्हती. तेव्हा मॅस्लिन यांनी, आणि पुढे ओर्लांडो क्युएलार यांनी, एकीच्या कातडीचा तुकडा दुसरीच्या अंगावर लावून पाहिला. परक्याची कातडी शरीर नाकारतं, हे भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर रोज पाहतात. नर-मादी असलेल्या जातींतही तुकडे झडून गेले. नरहीन जातीत ते रुजले, खवल्याला खवला लागून एकजीव झाले. दोन वेगळे जीव, पण शरीर म्हणालं, हे माझंच.

हे कसं जमतं, याचं उत्तर २०१० साली कॅन्सस सिटीतल्या स्टॉवर्स संस्थेतल्या पीटर बाउमान यांच्या गटानं दिलं. फ्लोराच्या अंड्यात विभाजन आधी होतं, मग टाकलेलं परत घेतलं जातं. व्हिपटेलची मादी विभाजनाआधीच दोन्ही कॅट दुप्पट करून घेते. मग निम्मे केले तरी दोन्ही कॅट पूर्ण शिल्लक राहतात. आणि पिसताना पत्ते एका कॅटमधून दुसऱ्यात जात नाहीत, प्रत्येक पत्त्याची जोडी स्वतःच्याच नकलेशी लागते. परिणाम असा की दोन वेगळ्या जातींचे आईबाप असल्यामुळे जे भरपूर वैविध्य आलं होतं, ते प्रत्येक पिढीत जसंच्या तसं उतरतं. फ्लोराच्या मुलाकडे फारसं वैविध्य उरत नाही. व्हिपटेलकडे ते भरपूर असतं, पण गोठलेलं. म्हणून दोन्हींना एकाच मथळ्याखाली छापू नये असं मी म्हणतो.

या गटाचा आणखी एक पराक्रम. विल्यम नीव्ह्ज यांना विद्यार्थिदशेत, १९६०च्या दशकात, न्यू मेक्सिकोत चार संचांचा एक संकर सरडा सापडला होता. बाउमान आणि नीव्ह्ज यांनी तोच संकर प्रयोगशाळेत घडवून आणला: तीन संचांची नरहीन मादी आणि दुसऱ्या जातीचा नर. त्यातून चार संचांच्या माद्या निघाल्या आणि त्या नराविना पिल्लं देत राहिल्या. २०११ साली हे प्रसिद्ध झालं; २०१४ साली त्या नव्या जातीला नीव्ह्ज यांचं नाव मिळालं. नवी जाती आईच्या आणि बापाच्या नावानिशी, तारीखवार कळणं हे प्राणिशास्त्रात फार विरळा. दरम्यान न्यू मेक्सिकोनं आपल्या तिथल्याच नरहीन व्हिपटेलला राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी ठरवून टाकलं आहे. राज्यप्राणी बिनबापाचा असल्याचं तिथे कुणाला काही वाटलेलं दिसत नाही.

व्हिपटेलबद्दल सगळ्यांत जास्त चघळलं गेलेलं निरीक्षण डेव्हिड क्रूझ यांचं, १९८० सालचं. एक मादी दुसरीवर नरासारखी चढते, तिला धरते, आणि पंधरवड्याभरात भूमिका उलटतात. अंडी तयार होत असलेली मादी खालची, नुकती अंडी सुटलेली वरची. रक्तातल्या संप्रेरकांच्या चढउतारावर हे ठरतं. ज्यांना अशी सोबत मिळते त्या जास्त अंडी घालतात. हे बंदिवासामुळे होतं, अशी टीका क्युएलार यांनी लगेच केली होती. माझं मत असं की वागणूक खरी आहे, तिचं कारण पूर्वजांकडून आलेल्या मेंदूत आहे, आणि त्यावरून माणसांच्या संबंधांवर निबंध लिहिणाऱ्यांनी सरड्यांना सोडावं.

एवढं जमतं तर सगळेच सरडे नर टाकून का देत नाहीत? जॉन मेनार्ड स्मिथ यांनी सत्तरच्या दशकात हिशेब मांडला होता: नर अंडी घालत नाही, म्हणजे निम्मी प्रजा अंड्यांच्या दृष्टीनं खर्चातच. सगळ्याच माद्या असलेला वंश दुप्पट वेगानं वाढायला हवा. तरीही हजारो जातींच्या सरपटणाऱ्या प्राण्यांत कायमच्या नरहीन जाती पन्नासच्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या बायनोच्या पालीवर क्रेग मॉरिट्झ यांनी काम केलं. तिच्यात नर-मादीवाल्या आणि नरहीन अशा दोन्ही वस्त्या आहेत, आणि नरहीन पालींच्या अंगावर गोचिडीसारख्या माइट्स कितीतरी जास्त सापडल्या. एकाच साच्यातल्या हजार पाली म्हणजे परजीवीला एकदा कुलूप उघडलं की हजार घरं मोकळी.

पण हरण्याचं कारण दर वेळी जनुकांतच असतं असंही नाही. पॅसिफिक बेटांवर ‘मोर्निंग गेको’ नावाची नरहीन पाल भिंतींवर सुखानं नांदत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाईसारख्या बेटांवर दक्षिण आशियातली, आपल्याकडेही ट्यूबलाइटखाली टक्-टक् करणारी घरपाल जहाजांतून पोचली. पेट्रेन, बॉल्जर आणि केस यांनी १९९३ साली दाखवलं की जिथे दिवा आहे आणि त्याभोवती किडे गोळा होतात, तिथे आपली पाल मोठी, धसमुसळी असल्यानं ती दुसरीला खाऊ देत नाही. दिवा नसेल तर फरक फारसा पडत नाही. म्हणजे त्या बिचारीला हरवलं ते विजेच्या दिव्यानं.

आणि आता आपल्या मोरीत या. पावसाळ्यात फरशीवर, कुंडीखाली, शेणखताच्या ढिगात काळपट, चकचकीत, वीतभरही नसलेला एक जीव वळवळतो. कुणी गांडूळ म्हणतं, कुणी नागाचं पिल्लू म्हणून चप्पल उगारतं. तो वाळा. निरुपद्रवी साप. ओळखायचा कसा? गांडुळाला वळ्या असतात, याला गुळगुळीत खवले, अंगाभोवती वीस रांगा. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. नीट पाहिलंत तर दुभंगलेली इवली जीभ लवलवताना दिसेल. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. तळहातावर घेतला की तो टोचतो, आणि लोकांना वाटतं चावला. खातो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. विशाखापट्टणमला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या पॅट्रिक रसेल यांनी, ज्यांचं नाव इंग्रजीत आपल्या घोणशीला चिकटलं आहे त्यांनीच, १७९६च्या आपल्या ग्रंथात याचं वर्णन केलं. त्यावरून १८०३ साली दोदँ यांनी त्याला ब्रॅमिनस हे नाव दिलं.

पुढे पावणेदोनशे वर्षं जगभरच्या संग्रहालयांत वाळे बाटल्यांत भरले गेले, आणि १९७४ साली मॅकडॉवेल यांच्या लक्षात आलं की बाटल्यांत नर नाही. रोनाल्ड नुसबाउम यांनी सेशेल्समधले नमुने तपासून १९८० साली त्याला दुजोरा दिला. १९८७ साली कळलं की याच्याकडे गुणसूत्रांचे तीन संच आहेत. म्हणजे हाही बहुधा संकराचाच वंश. कायम नराविना चालणारी सापाची दुसरी जाती आजवर कुणाला ठाऊक नाही. आफ्रिका, मेक्सिको, फ्लोरिडा, हवाई, जपान, ऑस्ट्रेलिया. रोपांच्या कुंडीतल्या मातीबरोबर तो सगळीकडे गेला. एक पोचला तरी पुरतो.

व्याख्यानानंतर विचारला जाईल असा प्रश्न मीच आधी घेतो: कधी नर सापडणारच नाही का? तपासलेले सगळे मादीच निघाले, एवढंच आज म्हणता येतं. पण याचे नर-मादीवाले जवळचे नातेवाईक भारत-श्रीलंकेतच आहेत, मातीखाली राहणारे, कित्येक जाती मोजक्या नमुन्यांवरूनच ठाऊक असलेल्या, आणि दिसायला वाळ्यासारखेच. तेव्हा उद्या कुणाला शेतात ‘वाळ्याचा नर’ मिळाला तर बातमी द्यायच्या आधी त्याची गुणसूत्रं पाहावी लागतील. तीन संच निघाले तर पाठ्यपुस्तक बदलावं लागेल. दोन निघाले तर तो वाळा नव्हेच. तो बहुधा वाळ्याच्या आजोळचा कुणीतरी, आणि ज्याचा पत्ता अजून कुणालाच लागलेला नाही ते आजोळ आपल्याच मातीत सापडलं असं समजायला हरकत नाही.